प्रतिष्ठानचा उद्यानविहार व गोष्ठी

चौसाळा हे आमचे गाव बीडच्या दक्षिणेस, धाराशिवावरून सोलापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. ‘पेरिप्लस’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलांवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर अशी दोन नगरे सांगितली आहेत. तगर म्हणजे धाराशिवाजवळचे तेर, हे फ्लीट साहेबांनी इ.स. १९०१ मध्ये दाखवून दिले. ह्या दोन नगरांमधल्या मुलखात आमचे गाव पडते, एवढाच त्याचा प्राचीन इतिहासाशी संबंध. आमचा स्वतःचा पैठणाशी संबंध मात्र शाळेमुळे आला. तीस-बत्तीस वर्षे आम्ही मुलांस मराठी व संस्कृत शिकविले, आणि बहुधा दर हिवाळ्यात त्यांची सहल पैठणास नेली. तेथे नाथांचा वाडा व समाधी आहे, नागघाट आहे, इ.स. १९६५ मध्ये पायाभरणी होऊन १९७६ मध्ये पुरा झालेला बंधारा व त्याच्यामागे पसरलेला नाथसागर आहे. आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर केलेले ज्ञानेश्वर उद्यान आहे. (ह्या धरणास जायकवाडी म्हणतात ते आमच्या बीड जिल्ह्यातील त्या नावाच्या खेड्यावरून. प्रथम धरण तेथे योजिले होते. पुढे जागा बदलली, नाव मात्र राहिले. धरण पैठणाचे व नाव बीडचे, ह्याचे आम्हां बीडकरांस थोडे समाधान वाटते.)

सहलीच्या परवानगीच्या कागदात ‘उद्देश’ असा एक रकाना असे. त्यात आम्ही दरवर्षी ‘ऐतिहासिक स्थळांचे दर्शन’ असे लिहीत होतो. मुले उद्यानात हुंदडण्यासाठी येत, हे आम्हांस ठाऊक होते व वरिष्ठांसही ठाऊक होते. पण विहार हा उद्देश म्हणून लिहिण्याची आमची छाती झाली नाही. त्याची भरपाई म्हणून दुपारच्या जेवणानंतर मुलांस हिरवळीवर बसवून आम्ही सातवाहन राजा व मोदक ही कथा सांगत असू. ती संधिप्रकरणाला फार सोयीची पडते. राणी म्हणाली, ‘मा उदकैः’, म्हणजे पाण्याने नको. राजाने ऐकले ‘मोदकैः’, आणि मोदकांची ताटे मागविली. मुले खदखदा हसत. आम्हीही हसत असू, आणि ‘पाहा, संधी न शिकल्याचा परिणाम’ असा उपसंहार करीत असू.

एके वर्षी एक मुलगा हसला नाही. त्याने विचारले, “गुरुजी, राजाला संस्कृत येत नव्हतं, तर त्याचं राज्य कोणत्या भाषेत चालत होतं? आणि राणीला हे माहीत नव्हतं का?” आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन त्यास गप्प केले. सेवानिवृत्तीनंतर ग्रंथ उलगडण्यास सवड मिळाली, तेव्हा तो प्रश्न पुन्हा पुढे येऊन उभा राहिला. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. आमचे म्हणणे असे की, सातवाहनकालीन प्रतिष्ठानात उद्यानविहार व विद्वत्सभा ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. त्यांस जोडणारी ‘गोष्ठी’ नावाची एक संस्था होती. तिचे भाषेविषयीचे नियम होते. आणि मोदकांच्या कथेत चुकले असेल तर ते राजाचे नव्हे, राणीचे.

प्रमाणांत शिलालेखास अग्रमान द्यावयाचा, म्हणून आरंभ नाशिकापासून करू. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा सुप्रसिद्ध लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तो कोरला गेला. आपल्या दिवंगत पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती वृद्ध मातेने त्यात गाइली आहे. क्षहरातांचा उच्छेद, शक-यवन-पल्हवांचा संहार, तीन समुद्रांचे पाणी प्यालेली त्याची वाहने, ही विशेषणे प्रत्येक इतिहासग्रंथात उद्धृत होतात. त्याच विशेषणांच्या रांगेत एक लहानसे विशेषण आहे, त्याकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. राजा क्षण, उत्सव व समाज करविणारा होता, असे ते सांगते. शत्रुसंहाराच्या शेजारीच हे घालावे असे राजमातेस वाटले, ह्यावरूनच त्याचे वजन ओळखावे.

‘समाज’ ह्या शब्दाचा आजचा अर्थ येथे घेऊ नये. एकत्र जमून नृत्य, गीत, मल्लयुद्ध, खेळ पाहणे व खाणेपिणे करणे म्हणजे समाज. अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात समाजांत दोष दिसतात म्हणून ते भरविण्यास मनाई केली आणि लगेच, काही समाज आपणांस बरे वाटतात, असेही म्हटले. म्हणजे पुरती बंदी त्यासही करवली नाही. कलिंगाच्या खारवेलाने राज्याच्या तिसऱ्या वर्षी नृत्यगीतवादित्रांनी, उत्सव व समाज करवून आपल्या नगरीस रमविले, असे हाथीगुंफेच्या लेखात आहे. तेव्हा प्रजेसाठी विहाराची योजना करणे हे त्या काळी राजकर्तव्यांत मोडत असे. ‘क्षण’ म्हणजे उत्सव. प्राकृतात त्याचे ‘छण’ होते, आणि आपला मराठी ‘सण’ तेथूनच आला आहे. गौतमीपुत्राच्या प्रशस्तीतील तो शब्द आम्ही अजून दरसाल पोळ्याला व दिवाळीला वापरतो.

समाज हा सर्वांचा, मोठ्या मेळ्याचा. गोष्ठी त्याहून लहान. तिचे सविस्तर वर्णन वात्स्यायनाने कामसूत्राच्या पहिल्या अधिकरणातील नागरकवृत्त ह्या प्रकरणात केले आहे. ग्रंथाचे नाव ऐकून आमच्या पिढीतील शिक्षक तो कपाटात मागे ठेवीत आले. त्यामुळे त्यातील हे निर्दोष व इतिहासास अत्यंत उपयुक्त प्रकरणही मागेच राहिले. आम्हीही त्यांतलेच. ग्रंथाचा काळ सामान्यतः तिसरे शतक धरतात. त्यात प्रतिष्ठानचे नाव नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तथापि कुंतल सातकर्णी सातवाहनाचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. वत्सगुल्म म्हणजे वाशीमच्या चालीरीतींचा आहे. महाराष्ट्रातील स्त्रियांस चौसष्ट कलांची आवड असते असेही ग्रंथकार म्हणतो. हाराणचंद्र चकलादार ह्यांनी इ.स. १९२९ च्या आपल्या ग्रंथात वात्स्यायनाचा परिचय पश्चिम भारताशी विशेष होता असे प्रतिपादन केले आहे. सातवाहनांच्या नगरातील राहणी कशी होती हे जाणण्यास ह्याहून जवळचा साक्षीदार आम्हांस दिसत नाही.

नागरकाचे नैमित्तिक कार्यक्रम वात्स्यायन पाच सांगतो: घटानिबंधन, गोष्ठीसमवाय, समापानक, उद्यानगमन व समस्याक्रीडा. पक्षातील अथवा महिन्यातील ठरलेल्या दिवशी सरस्वतीच्या मंदिरात समाज भरावा. बाहेरगावच्या नटांनी तेथे आपला खेळ दाखवावा व दुसऱ्या दिवशी त्यांस ठरलेली बिदागी मिळावी. आणि जमलेल्या परस्थांचा सत्कार करावा, अडचणीत त्यांस साहाय्य करावे, हा त्या गणाचा धर्म होय. यजमानपणाची अशी नेमकी जबाबदारी सांगितलेली पाहून आम्हांस आश्चर्य वाटले. आजकालच्या संमेलनांच्या स्वागतसमित्यांनीही हे सूत्र पाहून ठेवण्यासारखे आहे.

गोष्ठी म्हणजे विद्या, बुद्धी, शील, वित्त व वय ह्यांत सारखे असणाऱ्यांनी गणिकेच्या घरी, सभागृहात किंवा आपणांपैकी एकाच्या घरी एकत्र बसून अनुरूप संभाषण करणे. तेथे काव्याची व कलेची चर्चा चाले, समस्या घातल्या जात. उद्यानगमन ह्याहून मोकळे. सकाळी नटूनथटून, घोड्यावर बसून, गणिका व सेवक बरोबर घेऊन नगराबाहेरच्या उद्यानात जावयाचे. कोंबड्यांच्या, लाव्यांच्या व मेंढ्यांच्या झुंजी, द्यूत, नाट्यप्रयोग ह्यांत दिवस घालवावयाचा. आणि तिसऱ्या प्रहरी उद्यानाची काही खूण अंगावर मिरवीत परतावयाचे. ग्रीष्मात अशीच जलक्रीडा. ती मगरी-सुसरी आधी काढून टाकलेल्या जलाशयात करावी, अशी सूचना आहे. समस्याक्रीडांत कौमुदीजागर, सुवसंतक, आंबे तोडून खाण्याची सहकारभंजिका, भाजलेले कोवळे धान्य खाण्याची अभ्यूषखादिका इत्यादी नावे येतात. अभ्यूषखादिका म्हणजे आमच्याकडील हुरडा पार्टीच म्हणावयाची. शेकोटीभोवती बसून गरम हुरडा चोळून खाताना आपण दीड-पावणेदोन हजार वर्षांचा शास्त्रोक्त विधी पाळीत आहो, हे आमच्या बालाघाटावरील शेतकऱ्यास सांगितले तर तो हसेल. पण वस्तुस्थिती तशी आहे.

ह्या प्रकरणाच्या शेवटी तीन गोष्टी आहेत, त्यांवर आमच्या प्रतिपादनाचा सारा भर आहे. एक, लोकांच्या द्वेषास पात्र झालेली, स्वैर चालणारी व परपीडेत रमणारी गोष्ठी शहाण्याने वर्ज्य करावी. दुसरी, गोष्ठीत केवळ संस्कृतातच बोलू नये व केवळ देशभाषेतच बोलू नये; दोहींचा मेळ ठेवून बोलणारा लोकांत मान पावतो. तिसरी गोष्ट खेड्यात राहणाऱ्याविषयी आहे, तिच्याकडे पुढे वळू.

आता गाथांकडे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांची निवड होय. वेबरने ती १८७० व १८८१ मध्ये युरोपात छापली, इकडे १८८९ मध्ये निर्णयसागराने गंगाधरभट्टाच्या टीकेसह काढली, स. आ. जोगळेकर ह्यांची विस्तृत प्रस्तावनेची मराठी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यास निघाली. तीत गोदावरी ‘गोला’ ह्या लाडक्या नावाने पुन्हा पुन्हा येते. तिच्या काठच्या राया, वेलींची कुंजे, पुराच्या पाण्यातले उतार, वाळवंट, हे तिच्यातील प्रेमिकांचे संकेतस्थान. फाल्गुनातील उत्सवात एकमेकांवर चिखल फेकण्याचा प्रकारही तीत आहे. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. गाथांतील माणसे बहुशः गावचे गृहपती, नांगरे, पारधी, वाटसरू व त्यांच्या स्त्रिया आहेत. वात्स्यायनाचा घोड्यावर बसून उद्यानास जाणारा नागरक तेथे क्वचितच भेटतो. तेव्हा गाथांवरून पैठणच्या नागरकाचे चित्र काढू पाहणे युक्त नव्हे. गाथांची साक्ष निराळी आहे: त्या जमविल्या कशा गेल्या ह्याची. संग्रहकार आरंभी सांगतो की कोटी गाथांतून सातशे निवडल्या, आणि प्राकृत काव्य ऐकण्या-वाचण्याचे ज्ञान नसता प्रेमाच्या गोष्टी करणाऱ्यांस लाज कशी वाटत नाही, असा टोमणाही मारतो. काही टीकाकारांनी गाथागणिक कवींची नावे दिली आहेत. त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा, शशिप्रभा अशा स्त्रिया आहेत. शेते व नदीकाठ ह्यांतील उक्ती गोळा होऊन, निवडून, नावनिशीवार लावल्या जातात, हे काम एकट्या राजाच्या हातचे दिसत नाही. ऐकणारी, दाद देणारी, टाकून देणारी अशी एक मंडळी पाहिजे. तीच गोष्ठी. आणि तिचा टोमणा प्राकृत न जाणणाऱ्यास आहे, संस्कृत न जाणणाऱ्यास नव्हे, हे लक्षात ठेवावे.

एवढी पार्श्वभूमी मनात ठेवून मोदकांची कथा पुन्हा वाचू. ती सोमदेवाच्या कथासरित्सागरात, पहिल्या लंबकाच्या सहाव्या तरंगात आहे. प्रतिष्ठानास गोदावरीच्या तीरावर देवीकृती नावाचे उद्यान होते. गुणाढ्य फिरत फिरत तेथे आला, तेव्हा देवीच्या प्रसादाने हे उद्यान झाले अशी हकीकत उद्यानपालाने त्यास सांगितली. पुढे वसंतोत्सवात राजा सातवाहन राण्यांसह ह्याच उद्यानात आला व तेथील वापीत जलक्रीडा करू लागला. शिरीषाच्या फुलासारख्या नाजूक एका राणीने थकून ते वाक्य उच्चारले, मोदक आले, राणी हसली व, पाण्यात मोदकांचे काय काम, साधा संधीही आपणांस कळत नाही, असे बोलली, आणि भोवतालचा परिवारही हसला. राजा खेळ टाकून महालात गेला, अन्नपाणी सोडून मौन धरून बसला. मग गुणाढ्याने सहा वर्षांत व्याकरण शिकविण्याचे व शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकविण्याचे पण लावले. शर्ववर्म्याने कुमाराच्या प्रसादाने कातंत्र व्याकरण मिळवून पण जिंकला. गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशभाषा ह्या तिन्ही टाकल्या, विंध्यात जाऊन पैशाची शिकला, व तीत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली.

सोमदेव हा काश्मिरी. राजा अनंताची राणी सूर्यमती हिच्या विनोदासाठी इ.स. १०६३ ते १०८१ ह्या दरम्यान केव्हातरी त्याने हा ग्रंथ रचला. म्हणजे सातवाहनांनंतर आठशे वर्षे, गोदावरीपासून शेकडो कोसांवर, संस्कृतच्या पूर्ण वर्चस्वाच्या काळात, आणि तोही एका राणीस ऐकविण्यासाठी. अशा श्रोत्यांपुढे संस्कृत न जाणणारा राजा हास्यास्पद होणार हे ठरलेलेच होते. तेव्हा कथेचा ‘निकाल’ सोमदेवाच्या काळाचा मानावा. तीत गोठून राहिलेली वस्तुस्थिती मात्र जुनी आहे. ती अशी की, प्रतिष्ठानचा राजा संस्कृतात व्यवहार करीत नव्हता. ह्यास शिलालेखांचा भक्कम आधार आहे. नाणेघाटातील नागनिकेचा लेख अश्वमेधादी वैदिक यज्ञांच्या दक्षिणांची यादी देतो, ती प्राकृतात. बलश्रीची प्रशस्ती प्राकृतात. जो राजवंश वैदिक यज्ञांचा हिशेबही प्राकृतात कोरवितो, त्याची भाषा प्राकृत, हे त्या मुलाच्या प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर.

उत्तरार्ध राणीचा. सातवाहनांच्या काळातील एक संस्कृत लेख कान्हेरीस एका पाण्याच्या टाक्यावर आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक वंशातील, महाक्षत्रप रुद्र ह्याची कन्या, असा तिचा निर्देश त्यात असून तिच्या संबंधातील शतेरक नामक अमात्याने ते टाके दिले. राणीचे नाव दगड झिजून गेले आहे. हा महाक्षत्रप बहुधा रुद्रदामा. ज्याचा शके ७२ म्हणजे इ.स. १५० चा जुनागढचा लेख शुद्ध संस्कृत गद्याचा आद्य विस्तृत नमुना म्हणून गाजला, तोच. म्हणजे प्राकृत बोलणाऱ्या सातवाहनांच्या घरात संस्कृतचा अभिमान मिरविणाऱ्या क्षत्रपांची एक लेक सून म्हणून आली होती, ह्यास दगडाची साक्ष आहे. सोमदेवाच्या राणीचा क्षत्रपांशी काही संबंध कथेत नाही, आणि हीच ती राणी असे आम्ही म्हणत नाही. परंतु माहेरची भाषा सासरी बोलणारी व तीवरून सासरच्यांस हसणारी राणी ही लोकांच्या आठवणीत कशी राहिली असेल, हे समजण्यास कान्हेरीचे टाके पुरे आहे. ते टाकेही पाण्याचे असावे ह्या योगायोगाची आम्हांस मौज वाटते.

दुसरी परंपरा ह्याच्या नेमकी उलट आहे. राजशेखर हा यायावर कुळातला; त्याचा पणजा अकालजलद ह्यास महाराष्ट्रचूडामणी म्हणत. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या त्याच्या काव्यमीमांसेत (ही १९१६ मध्ये गायकवाड प्राच्यमालेचा पहिला ग्रंथ म्हणून बडोद्यास निघाली) असे नमूद आहे की, कुंतलातील सातवाहन राजाने आपल्या अंतःपुरात प्राकृतच बोलले जावे असा नियम केला होता. एका परंपरेत अंतःपुरातील संस्कृतमुळे राजा लज्जित होतो. दुसरीत राजा अंतःपुरात प्राकृताचा दंडक घालतो. विद्वान् ह्यांस परस्परविरुद्ध समजतात. आमच्या मते ही एकाच प्रसंगाची दोन टोके आहेत. जलक्रीडेतील तो प्रसंग घडल्यावर शहाणा यजमान काय करील? उद्यानातील खेळात सर्वांस समजेल अशीच भाषा चालावी, असा नियम करील. वात्स्यायनाच्या सूत्राप्रमाणे पाहता, थट्टामस्करी चालू असता, बरोबरच्या माणसास कळणार नाही अशी भाषा योजणे व त्याच्या अज्ञानास हसून परिवारासही हसविणे, हा गोष्ठीधर्माचा भंग होय. परपीडेची जी गोष्ठी वर्ज्य म्हटली, ती हीच. राजा चुकला तो दुसऱ्याच ठिकाणी: रुसून खेळ मोडला व पंडितांत पैज लावून दिली.

राजशेखराने राजसभेचा जो नकाशा दिला आहे, तो ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सोळा खांब, चार दारे व आठ मत्तवारणी असलेले सभागृह असावे आणि त्याला लागूनच राजाचे क्रीडागृह असावे, असे तो म्हणतो. सभेच्या भिंतीस विहाराची भिंत टेकलेली! राजाच्या उत्तरेस संस्कृत कवी, पूर्वेस प्राकृत कवी, पश्चिमेस अपभ्रंश कवी, दक्षिणेस भूतभाषेचे म्हणजे पैशाचीचे कवी. आणि प्रत्येक भाषेच्या मागे कलावंतांची रांग. प्राकृत कवींमागे नट, नर्तक, गायक. अपभ्रंश कवींमागे चित्रकार, जडावकाम करणारे. पैशाची कवींमागे गणिका, डोंबारी व मल्ल. सभापतीचे आदर्श म्हणून तो ज्या राजांची नावे घेतो, त्यांत वासुदेव, शूद्रक व साहसांक ह्यांच्या जोडीने सातवाहन आहे. सोमदेवाच्या कथेत ज्यास बोलणे कळत नाही, तोच राजशेखराच्या ग्रंथात चारही भाषांच्या मध्ये बसलेला आहे. दोन साक्षीदारांत एकास निवडावयाचे तर आम्ही राजशेखरास निवडू. तो काळाने जवळचा, आणि महाराष्ट्राच्या परंपरेशी घरोबा असलेला.

गुणाढ्याच्या ग्रंथाविषयीही एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मूळ बृहत्कथा लुप्त आहे. परंतु तिची दोन जुनी रूपे, नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह व संघदासगणीची प्राकृत वसुदेवहिंडी, ही परस्परांवर अवलंबून नाहीत. वसुदेवहिंडीचे बृहत्कथेशी असलेले नाते आल्सडोर्फने १९३५ मध्ये दाखविले. दोहींतही पुढील प्रसंग येतो: तरुण मित्र वनविहारासाठी निघतात, नदीच्या वाळूत पावले उमटलेली दिसतात, गोमुख नामक मित्र त्या पावलांवरून गेलेले जोडपे कोण, कसे, कोठे थांबले, हे तर्काने सांगतो आणि बाकीचे त्यास हरकती घेतात. दोहींत आहे त्या अर्थी तो मुळातही असला पाहिजे. स्थळ कोठे चंपेजवळचे, कोठे कौशांबीजवळचे, पैठण नव्हे. पण नदीकाठचा विहार व न्यायशास्त्रातील अनुमानाचा वाद एकाच वाळवंटावर रंगलेला आपणांस येथे दिसतो. गुणाढ्य प्रतिष्ठानचा, ही परंपरा खरी असेल तर हा प्रसंग लिहिणाऱ्याने गोदेचे वाळवंट पाहिलेले होते.

पुढच्या काळात पैठणची सभा राहिली, पण विहार तिच्यातून गेला. तेराव्या शतकात आळंदीच्या चार भावंडांस शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मसभेकडे जावे लागले, असे परंपरा सांगते. तेथे समान शीलाच्या मित्रांनी बसावयाचे नव्हते, निर्णय देणारे व मागणारे असे दोन पक्ष होते. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्टांचे घराणे पैठणहून काशीस गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट तेथील पंडितसभेचे धुरीण झाले, आणि त्याच वंशात पुढे गागाभट्ट झाले. इकडे त्याच शतकात एकनाथांनी (१५३३–१५९९) देशभाषेत भारुडे रचून जोशी, गोंधळी, वासुदेव अशा साऱ्या सोंगांस बोलते केले. फाल्गुन वद्य षष्ठीस गोदेच्या काठी भरणारी नाथांची यात्रा ही गौतमीपुत्राच्या ‘समाजा’च्या किती जवळची, हे ज्याने ते वाळवंट त्या दिवशी पाहिले त्यास सांगावयास नको. ह्या विषयाचा विस्तार करण्याची ही जागा नव्हे.

खेडवळाविषयीचे वात्स्यायनाचे सूत्र राहिले. तो म्हणतो की, खेड्यात राहणाऱ्याने आपल्या जातभाईंपैकी चतुर व जिज्ञासू असतील त्यांस उत्तेजन द्यावे, नगरातील लोकांच्या राहणीचे वर्णन करून त्यांच्या मनात आवड उत्पन्न करावी व गोष्ठी सुरू कराव्यात. आम्ही जातभाई ह्या शब्दास फाटा देऊन बाकीचे सूत्र पाळले आहे. सेवानिवृत्तीपासून आमच्या गावी देवळाच्या ओट्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ पाच-सात मंडळी जमतात. कधी पोथी, कधी वर्तमानपत्र, कधी आमची टिपणे वाचली जातात. प्रस्तुत लेखाचा मोदकांविषयीचा भाग आम्ही प्रथम तेथेच वाचला. सूत्रास अनुसरून संस्कृत अवतरणे गाळली होती. रुद्रदाम्याच्या मुलीपर्यंत मंडळींनी शांतपणे ऐकून घेतले. वाचन संपल्यावर एक वृद्ध शेतकरी म्हणाले, “समदं पटलं गुरुजी. पण ते मोदक मग खाल्ले कोणी?”

कथासरित्सागर आम्ही पुन्हा उघडून पाहिला. सोमदेवाने ते सांगितलेले नाही.